गारांच्या गावात बर्फ परका कसा?

परवा एका शिक्षक मेळाव्यात एका बड्या वक्त्याने आम्हाला सुनावलं. मराठवाड्यातल्या पोरांना अंटार्क्टिका कशाला? त्यांना विहीर शिकवा, चूल शिकवा, बैलगाडी शिकवा. ध्रुवावरच्या बर्फातून विज्ञान शिकवणं हे शहरी शाळांचं खूळ आहे, खर्चाचं आहे, परीक्षेला त्याचा उपयोग नाही. आणि मुख्य म्हणजे जे मुलांनी कधी पाहिलंच नाही ते त्यांच्या डोक्यात कसं शिरणार? टाळ्या पडल्या. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

खर्चाचं आधी संपवते. मूठभर बर्फ आणि मूठभर खडेमीठ लागतं. परीक्षेचं म्हणाल, तर दहावीच्या पुस्तकात अप्रकट उष्मा आहे, पुनर्हिमायन आहे, पाण्याचं असंगत आचरणही आहे. ज्याने ते पुस्तक उघडलेलं नाही त्याने आम्हाला अभ्यासक्रम सांगू नये.

आता 'पाहिलंच नाही' हे म्हणणं. हे बोलणाऱ्या माणसाने 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधला मराठवाडा पाहिलेला नसावा. गारपिटीत गहू आडवा झाला, बागा झोडपल्या गेल्या, पत्र्यांना भोकं पडली. ज्या मुलांच्या बापाचं पीक बर्फाने मारलं, त्यांना बर्फ परका आहे म्हणायचं? त्या दिवसांत माझ्या वर्गातला एक मुलगा चहाच्या थर्मासमध्ये गारा भरून शाळेत आला. आतली एक लिंबाएवढी उरली होती. मी पातं गरम करून ती मधोमध कापली. आत कांद्यासारखी वलयं दिसली. एक दुधी, एक काचेसारखं, पुन्हा एक दुधी. वर्गात चिडीचूप. मग एकीने विचारलं, "बाई, पांढरं कशानं झालं?" थेंब झटकन गोठले की हवा आतच अडकते, म्हणून दुधी. पाणी सावकाश गोठलं की हवेला निसटायला वेळ मिळतो, म्हणून पारदर्शक. म्हणजे ती गार ढगातून कुठून कशी आली याचा हिशेब तिच्या पोटातच होता. तिथून अंटार्क्टिका गाठायला एक वाक्य पुरलं. तिथे हिमावर हिम साचतं, दाबलं जातं, मधली हवा बुडबुड्यांत बंद होते. शास्त्रज्ञांनी तो बर्फ खोल भोकं पाडून काढला आणि 8 लाख वर्षांपूर्वीची हवा तपासली. हे त्या मुलांच्या डोक्यात शिरलं नाही असं ज्याला वाटतं, त्याने त्या दिवशी माझ्या वर्गात बसायला हवं होतं.

आणि परिसरातलंच शिकवा म्हणता, तर परिसर म्हणजे काय, फक्त कुंपणाच्या आतलं? हा वाद जुना आहे. आकाशदर्शन सुरू केलं तेव्हाही हेच ऐकलं होतं की शेतकऱ्याच्या पोराला शनीची कडी कशाला. पुढे शब्दांवरून भांडण झालं. 'पुनर्हिमायन' हा शब्द अवघड आहे, काढून टाका, असा आग्रह होता. मी तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, दोन बाकांमध्ये ठेवला, त्यावरून बारीक तार टाकून तिच्या दोन्ही टोकांना विटा बांधल्या. तार हळूहळू लादीतून आरपार खाली उतरली आणि लादी अखंडच राहिली. दाबाखाली बर्फ वितळतो, दाब सरला की पुन्हा गोठतो. त्यानंतर पाचवीच्या पोरांनीही तो शब्द न अडखळता म्हटला. अवघड शब्दाला मुलं भीत नाहीत, न पाहिलेल्या गोष्टीच्या शब्दाला भितात.

एक मात्र मान्य करते. बाजारातल्या तक्त्यांवर पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर शेजारी बसवलेले असतात. पेंग्विन दक्षिणेचा, अस्वल उत्तरेचं. असे तक्ते भिंतीवरून खुशाल उतरवा.

मी काय करा म्हणते? पॉट आइस्क्रीमपासून सुरू करा. बर्फात मीठ घातल्यावर भांड्याबाहेर दव गोठतं, ते मुलांना बोटाने खरवडू द्या. समुद्राचं पाणी शून्याला का गोठत नाही, उणे 1.8 अंशांची वाट का पाहतं, हे त्या बोटाला कळतं. अंटार्क्टिकावरचं आपल्या देशाचं 1983 चं दक्षिण गंगोत्री हे केंद्र हिमाखाली गाडलं गेलं आणि 1989 चं मैत्री खडकावर का बांधलं, हे सांगा. ध्रुवांवर जाणाऱ्या आपल्या मोहिमांचा कारभार गोव्यातून, वास्कोतून चालतो, हेही सांगा.

आणि दोन वाडग्यांचा प्रयोग कराच. एकात पाण्यावर तरंगता बर्फ. दुसऱ्यात दगड, त्याच्या गळ्यापर्यंत पाणी आणि दगडाच्या माथ्यावर बर्फ. दोन्हींवर पेनाने पाण्याची रेघ मारायची आणि थांबायचं. पहिल्यात बर्फ वितळतो, पाणी रेघेवरच राहतं. दुसऱ्यात रेघ बुडते. गेल्या वर्षी हा प्रयोग संपल्यावर मागच्या बाकावरचा एक जण नकाशापाशी गेला आणि ग्रीनलँडवर बोट ठेवून म्हणाला, "हा बर्फ दगडावरचा का पाण्यावरचा?" दगडावरचा, मी म्हटलं, तो सगळा वितळला तर जगभरचे समुद्र सुमारे 7 मीटर चढतील. त्याचं बोट नकाशावरून खाली सरकत आलं. "मग मुंबई?" त्याने विचारलं. त्याचा थोरला भाऊ शिवडीला राहतो.