पट्टा आणि रस्ता



थंडी पडू लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. हिवाळ्यात पळावे कुठे? घराबाहेर रस्त्यावर, की व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर? तज्ज्ञ दोन्हींचे फायदे-तोटे सांगतात आणि शेवटी निवड वाचकावर सोपवतात. जळोचीत आमच्या गटातल्या बायकांशी या विषयावर बोलताना माझ्या लक्षात आले, की ही सगळी चर्चा पळणारा माणूस पुरुषच आहे असे गृहीत धरून चाललेली असते. बाईला निवड करायला मिळतेच कुठे?

आधी शरीराचे पाहू. ट्रेडमिलचा पट्टा पायाखालून मागे सरकत राहतो आणि आपण जागच्या जागी पळतो. समोरून वारा येत नाही, म्हणून तितक्याच वेगाला कष्ट थोडे कमी पडतात. वेगाने पळणाऱ्यांनी पट्ट्याला एक टक्का चढ दिला, तर ही तूट साधारण भरून निघते, असे १९९६ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी मोजून दाखवले. पट्टा मऊ असतो, त्यामुळे गुडघ्यांना दणका कमी बसतो. रस्त्यावर चढ, उतार, खड्डा, वळण असते. पाऊल दर वेळी वेगळे पडते आणि घोट्यांना, पोटऱ्यांना, तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना काम मिळते. थंडीत अंग तापायला वेळ लागतो, तेव्हा आधी दहा मिनिटे भरभर चालावे. दम्याचा त्रास असेल तर गार हवेत नाकातोंडावरून रुमाल घ्यावा. आमच्याकडची थंडी काही बर्फाची नाही. एका स्वेटरने आणि कानाला बांधलेल्या फडक्याने भागते. म्हणजे थंडी हे आमच्या बायकांना घरात बसवण्याचे कारण नव्हेच.

खरे कारण घड्याळात आहे. उन्हाळ्यात सहाच्या आधीच चांगले उजाडते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात. मधला हा तास-सव्वा तास म्हणजे बाईच्या दिवसातला तिचा स्वतःचा म्हणता येईल असा एकच वेळ. त्यानंतर पाणी, चहा, डबे, मुलांची शाळा आणि टेक्सटाईल पार्कात किंवा एमआयडीसीत कामाला असेल तर तिची स्वतःची पाळी. संध्याकाळी घरी परतेपर्यंत पुन्हा अंधार. पुरुष साडेसात वाजता पळायला जाऊ शकतो, कारण तेव्हा त्याचा डबा दुसरे कुणीतरी भरत असते. हिवाळा बाईचा उजेडाचा तास काढून घेतो आणि तिच्यापुढे अंधारा रस्ता ठेवतो.

त्या रस्त्यावर काय असते? दिवे नसलेले पट्टे. मोकाट कुत्री. गाळपाचा हंगाम असल्याने माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे निघालेल्या, उसाने ओसंडणाऱ्या जोडट्रॉल्या. त्यातल्या कित्येकींना मागे तांबडा दिवासुद्धा नसतो. आणि मोटारसायकल हळू करून शेजारून चालवणारे, काहीतरी बोलून पुढे जाणारे तरुण. एवढे घडले की घरचे म्हणतात, "कशाला जातेस? मशीन घेऊ, नाहीतर जिम लावू." ज्या घरात पैसा आहे तिथे मशीन येते. ज्या घरात नाही तिथे पळणे थांबते.

या सल्ल्यात प्रेम नाही असे मी म्हणत नाही. पण त्याचा अर्थ तपासून पाहिला पाहिजे. रस्ता असुरक्षित आहे, म्हणून ज्याने तो असुरक्षित केला त्याला कुणी काही म्हणायचे नाही; जिला धोका आहे तिने आत जायचे. १९७७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक खुनी बायकांचे बळी घेत होता, तेव्हा बायकांना सांगण्यात आले की अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. त्यावर तिथल्या बायका त्याच नोव्हेंबरात रात्रीच्या वेळी घोळक्याने रस्त्यावर उतरल्या. संचारबंदी घालायची तर पुरुषांवर घाला, आमच्यावर का, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आज पहाटे पाच वाजता आमच्या गावातही तितकाच लागू पडतो.

ट्रेडमिल वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. बाळंतपणानंतर हळूहळू सुरुवात करणारीला, गुडघे दुखणाऱ्या मावशींना, धुक्याच्या दिवसांत कुणालाही तिचा उपयोग आहे. मात्र या यंत्राचा जन्म कसा झाला ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचे मोठे चाक तयार केले. त्यावर तासन्‌तास चढत राहायचे आणि कुठेही पोचायचे नाही. बायका-कैदीही त्यातून सुटल्या नव्हत्या. आजचे यंत्र आपण खुशीने वापरतो, तेव्हा तुलना ओढूनताणून करायला नको. पण खुशी आणि नाइलाज यांतला फरक तरी ओळखता आला पाहिजे. रस्ता मोकळा असताना पट्टा निवडणे वेगळे आणि रस्ता बंद केला म्हणून पट्ट्यावर चढणे वेगळे.

आणि काही जणींचे पट्ट्यावर भागतच नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ८०० मीटर मैदानावरच धावून दाखवायचे असते. महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण जाहीर केले, सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. त्यासाठी चळवळीतल्या किती जणींनी पायपीट केली, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. कायद्याने जागा दिली. त्या जागेपर्यंत धावत जायचे, तर सराव कुठे करायचा? भाऊ एकटा पहाटे पळायला जातो. बहीण निघाली की सोबत कोण, इथून प्रश्न सुरू होतात. गुणपत्रिकेत दिसणारे सेकंद या अंधाऱ्या तासातच हरवलेले असतात.

बारामती आणि पळणे म्हटले की लता भगवान करे यांचे नाव निघतेच. साठी ओलांडलेली ही कष्टकरी बाई २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत पहिली आली. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली आणि २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. पण त्या धावल्या कशासाठी? नवऱ्याच्या एमआरआय तपासणीसाठी पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम हवी होती म्हणून. टाळ्या वाजवताना हे विसरले जाते. आजारी माणसाची तपासणी व्हावी यासाठी एका म्हातारीला शर्यत जिंकावी लागते, ही गोष्ट तिच्या जिद्दीची आहे तितकीच आमच्या सरकारी दवाखान्यांच्या अवस्थेचीही आहे. संकटात धावणाऱ्या बाईचे कौतुक समाज लगेच करतो. स्वतःच्या आनंदासाठी धावणाऱ्या बाईला मात्र, "हिला दुसरे काही काम नाही का?" असे विचारतो.

कामाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक आक्षेप. "आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम हवा?" पहाटे तीन-चारला उठून फडावर जाणाऱ्या ऊसतोडणीच्या बाईला खरोखरच पळण्याची नव्हे, विश्रांतीची गरज आहे. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणे म्हणजे व्यायाम नव्हे, ती झीज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. तेव्हा आधी पोटभर जेवण आणि झोप, मग पळणे, हे खरेच. पण कष्ट शरीराकडून काही घेतात आणि व्यायाम त्याला काही देतो. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारू नये.

मग करायचे काय? आमच्या गटात पुढील गोष्टी ठरल्या आहेत. एकटीने न जाता पाच-सहा जणींनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने निघायचे. अंगावर पांढरे किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कपडे, हातात बॅटरी, आणि वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने पळायचे. जळोची नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तेव्हा बंद दिव्यांच्या खांबांची यादी करून तिथे लेखी अर्ज द्यायचा. शाळेची मैदाने पहाटे उघडी ठेवावीत आणि तिथले स्वच्छतागृहही उघडे असावे, ही दुसरी मागणी. ट्रॉल्यांना मागे दिवे व परावर्तक लावण्याबाबत कारखान्यांना पत्र, ही तिसरी. आणि चौथी गोष्ट घरातली: हिवाळ्याचे चार महिने आठवड्यातून तीन दिवस तरी सकाळचे डबे घरातल्या पुरुषाने भरावेत. ही मागणी सर्वांत अवघड जाईल, असे बैठकीत सगळ्या हसत हसत म्हणाल्या. माझ्या मते ती सर्वांत आधी करायची आहे. तिला ना अर्ज लागतो, ना खांब.

तुमच्या गावातल्या बायका हिवाळ्यात कुठे पळतात, कुठे पळू शकत नाहीत आणि का, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.