ताटावर बसण्याआधी भटारखाना बघा

कोहमाऱ्याच्या चौकात थांबणाऱ्या प्रवाशांनो, नागपूर-रायपूर करणाऱ्या ट्रकचालक भावांनो, आणि रविवारी लेकराबाळांना घेऊन हायवेवर जेवायला येणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

राष्ट्रीय महामार्ग 53 वरच्या ढाब्यांच्या भटारखान्यात मी काम केलं. आधी भांडी, मग कांदा-लसूण, शेवटी भट्टी. आता ते काम सोडलंय, म्हणून मोकळेपणानं सांगतो. पावसाळा तोंडावर आहे. हगवण, उलट्या आणि टायफॉइडचे दिवस हेच. म्हणून आजच ऐका.

आपला जिल्हा धानाचा. भातानं कुणी आजारी पडेल असं आपल्या मनातही येत नाही. पण दुपारी शिजवलेला भात गंजात तसाच झाकून राहतो आणि रात्री त्याचाच जिरा राईस होतो. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात तो जिवाणू वाढतो, विष सोडतो आणि ते विष पुन्हा परतल्यानं जात नाही. वाफ निघतेय म्हणजे ताजं, हा समज सोडा. भात कधी शिजवला ते विचारा आणि उत्तर पटलं नाही तर रोटी मागवा.

कढईकडेही नजर टाका. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायला 2018 पासून बंदी आहे. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसतं, पण काळं, चिकट, फेसाळणारं तेल डोळ्यांना दिसतं.

मला सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट वेगळीच आहे. रोटी थापणाऱ्या पोराला हात धुवायला साबण नसतो, कधी नळही नसतो. ताप असला तरी तो भट्टीपाशी उभा राहतो, कारण सुट्टी घेतली की रोजी बुडते. अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हे नियमात लिहिलेलं आहे. ती व्यवस्था मालकानं करायची आहे. तेव्हा त्या पोरावर ओरडू नका. गल्ल्यावर जा आणि मालकाला विचारा, तपासणीचे कागद कुठे आहेत? साबण कुठे आहे?

भात लागेल तसा थोडा थोडा शिजवणारे, आत बघू देणारे ढाबेही याच रस्त्यावर आहेत. मुद्दाम तिथेच जेवा. दोन मिनिटं जास्त लागली तर घाई करू नका. गिऱ्हाईक घाई करतं म्हणूनच शिळं पुढं येतं.

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक भिंतीवर आणि बिलावर असायलाच हवा. नसेल, किंवा जेवून कुणाला त्रास झाला, तर बिल जपून ठेवा, डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगा आणि अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 या टोल फ्री क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या: प्रत्येक भटारखान्यात नळ, साबण आणि कामगारांची तपासणी. ठरावाला हात वर करायला मी येतोय, तुम्हीही या.