गव्हाचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. गव्हाचे कूळ मात्र शोधलेच पाहिजे. ज्या रानगवतांतून तो जन्मला, त्या गवतांतच त्याच्या रक्षणाचे उपाय दडलेले आहेत. हा शोध म्हणजे विद्वानांचा बुद्धिविलास नव्हे. घरोघरच्या पोळीशी त्याचा थेट संबंध आहे.

१९०६ साली ॲरन ॲरनसन या कृषितज्ज्ञाला गॅलिली प्रांतात रोश पिना येथे खडकाच्या कपारीत एमर गव्हाचा रानटी पूर्वज आढळला. १९१८ मध्ये जपानच्या साकामुरा यांनी गव्हांच्या गुणसूत्रांची संख्या निश्चित केली. आइनकॉर्न या आदिम गव्हात १४, एमरमध्ये २८ आणि पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे. या सातच्या पटींतच वंशावळीचे रहस्य होते. उरार्टू हा रानगहू आणि एजिलॉप्स कुळातील एक गवत यांच्या नैसर्गिक संकरातून रानटी एमर निर्माण झाला. पुढे शेतात आलेल्या एमरचा एजिलॉप्स तौशी या दुसऱ्या गवताशी कास्पियन समुद्राच्या परिसरात संकर झाला आणि पोळीचा गहू अवतरला. या तिसऱ्या पूर्वजाची ओळख १९४४ साली जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे पटविली. १९९७ मध्ये जनुकीय ठशांवरून आइनकॉर्नचे माहेर आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग डोंगररांगेत असल्याचे अनुमान निघाले. २०१८ साली पोळीच्या गव्हाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील ‘२ ए’ या गुणसूत्राचे काम भारतीय शास्त्रज्ञांनी उचलले होते, ही अभिमानाची बाब होय.

परंतु या वंशावळीतून एक धोकाही समोर येतो. पोळीच्या गव्हाचा जन्म मोजक्याच रोपांच्या संकरातून झाला. त्यामुळे रानटी गवतांमधील वैविध्याचा अल्पसा अंशच त्याच्या वाट्याला आला. पुढे माणसाने अधिक उताऱ्याच्या वाणांची निवड करताना हा वारसा आणखी आकुंचित केला. युगांडात १९९९ मध्ये ओळख पटलेल्या ‘यूजी ९९’ या खोडावरील तांबेऱ्याने ही दुर्बलता उघडी पाडली. जगातील बहुसंख्य वाण त्यापुढे हतबल ठरले. त्याला तोंड देणारे एक जनुक २०१३ साली हाती आले, ते याच एजिलॉप्स तौशीमधून!

आणखी एक जनुक आपल्या ओळखीच्या धान्यात आहे. सांगली-कोल्हापूरकडे ज्याची खीर आवडीने केली जाते, तो खपली गहू म्हणजे एमरच होय. तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञांनी शतकापूर्वी निवडलेल्या बारा गव्हांत ‘खपली’ याच नावाने तो समाविष्ट होता. ‘यूजी ९९’ला रोखणारे ‘एसआर १३’ हे जनुक त्याच्यात आहे. कांडायला जिकिरीचा आणि उताऱ्याला कमी म्हणून मागे पडलेल्या धान्याची ही योग्यता आहे.

म्हणूनच केवळ आराखडा हाती आला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे आत्मघातकी ठरेल. आराखडा वाचता येतो, पण पेरावे लागते ते बीजच. सीरियातील यादवीत अलेप्पोजवळची मोठी बीजपेढी शास्त्रज्ञांना सोडावी लागली. स्वालबार्डच्या हिमभांडारात तिच्या बियाणांच्या प्रती आधीच ठेवलेल्या होत्या, म्हणून २०१५ पासून तो संग्रह पुन्हा उभा करता आला. दूरदृष्टी होती, म्हणून वारसा वाचला.

गव्हाचे मूळ पश्चिम आशियात आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. सहस्रावधी वर्षे ज्यांनी त्याला आपल्या मातीत रुजविले, त्या शेतकऱ्यांचे कर्तृत्व त्याने उणे होत नाही. मात्र त्यांनी राखलेले वाण आपल्या पिढीत नष्ट होऊ देणे हा अक्षम्य प्रमाद ठरेल. शासनाने बीजपेढ्यांना सढळ साहाय्य द्यावे, शास्त्रज्ञांनी जुने वाण अभ्यासावेत आणि कुटुंबांनी खपलीसारख्या धान्याला रोजच्या ताटात स्थान द्यावे. शेतकरी तेच पेरतो, ज्याला गिऱ्हाईक असते. कुळाचा अभिमान मिरविण्यापेक्षा कुळाचे बियाणे राखणे अधिक मोलाचे आहे.