हार्वर्डचे दार आणि लेस्टरचा विद्यार्थी

सन २००० च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये एका शाळकरी मुलीच्या प्रवेशावरून मोठे राजकीय वादळ उठले होते. ईशान्य इंग्लंडच्या टाइनसाइड भागातील सरकारी शाळेत शिकणाऱ्या या अत्यंत हुशार मुलीला ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाने वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. हार्वर्डने मात्र आर्थिक साहाय्यासह तिला बोलावून घेतले. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी यात जुना वर्गीय अहंकार पाहिला आणि तसे जाहीरपणे सांगितले. पाच जागांसाठी वीसहून अधिक अर्जदार होते आणि बहुतेकांच्या श्रेणी तितक्याच उत्तम होत्या, असे ऑक्सफर्डच्या बाजूने सांगण्यात आले. आठवडेच्या आठवडे वृत्तपत्रे या वादाने भरली. एक साधी गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्या मुलीला हार्वर्डमध्ये डॉक्टरकीची जागा मिळालीच नव्हती. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाची मिळाली होती. दोन विद्यापीठांनी दोन निरनिराळे प्रश्न विचारले होते, म्हणून उत्तरेही निरनिराळी आली.

पाव शतक उलटले, तरी हा गोंधळ संपलेला नाही. निवृत्तीनंतर मी वर्षातले काही महिने मुलीकडे लेस्टरला असतो. तिथल्या एका सरकारी शाळेत वरच्या दोन वर्गांतील मुलांना अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जाबद्दल समजावून सांगण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आले आहे. सेवेत असताना निवड मंडळांवर बसण्याची सवय होती, आणि शाळेला हे काम करणारे दुसरे कोणी मिळत नव्हते. पहिल्याच दिवशी मी 'सॅट' हा शब्द उच्चारला आणि वर्गात हशा पिकला. इंग्लंडमध्ये 'सॅट्स' म्हणजे प्राथमिक शाळा सोडताना दहा-अकरा वर्षांची मुले देतात ती चाचणी. सतराव्या वर्षी पुन्हा तीच परीक्षा कशाला, असे त्यांना वाटले. एकाच शब्दाला दोन देशांत दोन अर्थ असण्याचा हा प्रकार पुढे जवळपास प्रत्येक शब्दाबाबत अनुभवास आला.

ब्रिटिश विद्यार्थी ज्या पद्धतीत वाढतो तिला आतून एक सरळ रेषा आहे. सोळाव्या वर्षी जीसीएसई, मग साधारण तीन विषय घेऊन ए-लेव्हल. एका केंद्रीय यंत्रणेमार्फत पाच ठिकाणी अर्ज करायचा आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकालाच निवडायचे. अर्ज एखाद्या विषयासाठी असतो: इतिहास, गणित, कायदा. शिक्षक अंदाजित श्रेणी कळवतात, विद्यापीठ सशर्त होकार देते आणि ऑगस्टमध्ये निकाल लागला की गोष्ट संपते. ऑक्सफर्डमध्ये मुलाखत घेणारा प्राध्यापकच पुढे त्या मुलाला शिकवणार असतो, म्हणून त्याच्या मनातला प्रश्न एवढाच असतो की हा विषय या मुलाला तीन वर्षे शिकवण्यात मला रस वाटेल का? मुलगा फुटबॉल खेळतो की बासरी वाजवतो, याच्याशी त्या प्राध्यापकाला कर्तव्य नसते.

अमेरिकेतील निवडक विद्यापीठांत हा निर्णय प्राध्यापकांच्या हाती नसतो. तो प्रवेश कार्यालयातील व्यावसायिक अधिकारी घेतात आणि त्यांच्यापुढे प्रश्न एका विद्यार्थ्याचा नसून एका संपूर्ण तुकडीचा असतो. हार्वर्डकडे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि सुमारे दोन हजारांना होकार जातो. नाकारलेल्यांतील हजारो जण अभ्यासाच्या दृष्टीने पूर्ण पात्र असतात. वाद्यवृंदाला व्हायोलिनवादक हवा असतो, नौकानयनाच्या संघाला वल्हेकरी हवे असतात, अभिजात भाषांच्या विभागाला विद्यार्थी हवे असतात, देणगीदारांना नाराज करायचे नसते आणि शिवाय देशाच्या व जगाच्या निरनिराळ्या भागांतले चेहरे हवे असतात. त्यामुळे 'मी कुठे कमी पडलो?' या नकार मिळालेल्या मुलाच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसते. परीक्षेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट पटवणे फार अवघड जाते. भारतीय वाचकालाही ती सहज पटणार नाही, आणि त्याला इतिहास आहे.

वशिल्याच्या जागी लेखी स्पर्धा आणावी, ही कल्पना ब्रिटिशांनी मोठ्या प्रमाणावर प्रथम राबवली ती भारतासाठीच. १८५४ मध्ये मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या मर्जीने होणाऱ्या नेमणुका थांबून १८५५ पासून सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ती लंडनमध्येच होत असे, हा अन्याय होताच. पण 'गुण म्हणजे न्याय' ही श्रद्धा आपण तिच्यातूनच उचलली. स्वतंत्र भारतात ती इतकी मुरली, की श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने लेखी परीक्षेच्या शंभर गुणांना मुलाखतीचे पन्नास गुण जोडले तेव्हा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाण मनमानी ठरवले आणि मुलाखतीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक वजन देऊ नये, असा दंडक घातला. त्या निकालाच्या कसोटीवर हार्वर्डची प्रवेशप्रक्रिया आपल्या न्यायालयात एक दिवसही टिकली नसती.

अमेरिकेचा रस्ता वेगळा कसा झाला, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डही प्रामुख्याने परीक्षेवरच प्रवेश देत असे. त्या परीक्षेत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले भराभर उत्तीर्ण होऊ लागली आणि १९२२ पर्यंत प्रथम वर्षात त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर गेले. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना ते खुपले. त्यांनी उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला; प्राध्यापकांनी तो मान्य केला नाही. मग आडमार्ग निघाला. अर्जात वडिलांचे नाव बदलले आहे काय, अशी विचारणा होऊ लागली, छायाचित्र मागितले जाऊ लागले आणि १९२६ पासून प्रथम वर्षाची संख्या मर्यादित करून 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले. ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण लवकरच घसरले. जेरोम कॅराबेल यांच्या 'द चोझन' या २००५ च्या ग्रंथात ही कहाणी कागदपत्रांसह आली आहे. आज ज्याला 'समग्र मूल्यमापन' म्हणतात, त्याचा जन्म असा वगळण्याच्या हेतूतून झाला. पुढे त्याच साधनाचा उपयोग कृष्णवर्णीय आणि गरीब विद्यार्थ्यांना आत आणण्यासाठीही झाला, हेही तितकेच खरे. जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वंशाचा विचार करण्याची मुभा काढून घेतली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या प्राधान्याला मात्र त्या निकालाने हात लावला नाही.

या खटल्यात बाहेर आलेले आकडे मी फळ्यावर लिहितो. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांमागे एकाला प्रवेश मिळत होता. इतरांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होते. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की समान चाचणीगुण असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या विद्यापीठांत पोहोचतात. अॅमहर्स्ट आणि जॉन्स हॉपकिन्स यांनी हे वारसा-प्राधान्य बंद केले. इतर अनेकांनी केलेले नाही. मुलांना हे सांगू नये, त्यांचा उत्साह मावळेल, असे एका शिक्षिकेने मला सुचवले होते. मला तसे वाटत नाही. नकार आला तर तो आपल्या बुद्धीवरचा निवाडा आहे, असे सतराव्या वर्षी कोणी मानू नये. त्यासाठी हे आकडे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मग एवढे सारे असताना या मुलांनी तिकडे अर्ज करावाच कशाला? याचे एक उत्तर पैशांत आहे आणि ते अनपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे शुल्क २०१२ मध्ये नऊ हजार पौंडांपर्यंत गेले. २०२५ मध्ये ते ९,५३५ पौंड झाले आणि बहुतेक मुले ते कर्जातून भरतात. अमेरिकेतील खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो आणि ब्रिटिश सरकारचे विद्यार्थी कर्ज तिकडच्या संपूर्ण पदवीसाठी मिळत नाही. इथपर्यंत ऐकले की पालक वही मिटतात. परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी विद्यापीठे परदेशी अर्जदाराचीही ऐपत न पाहता निवड करतात आणि निवड झाल्यावर कुटुंबाच्या उत्पन्नानुसार लागेल तितके साहाय्य देतात, तेही परतफेडीविना. बसचालकाच्या मुलीला घराजवळच्या विद्यापीठापेक्षा प्रिन्स्टन स्वस्त पडू शकते. याउलट इतर बहुसंख्य विद्यापीठांत परदेशी मुलाने साहाय्य मागितले की त्याची निवड होण्याची शक्यता घटते. ही दोन प्रकारची विद्यापीठे वेगळी ओळखता येणे, हे या साऱ्या ज्ञानातील सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच सरकारी शाळेतील मुलापर्यंत पोहोचत नाही.

खासगी शाळांत ते पोहोचते. तिथे अमेरिकी अर्जांसाठी स्वतंत्र समुपदेशक असतात; शिवाय तासावर पैसे घेणारे सल्लागार आहेतच. अमेरिकी अर्जाला शाळेचा परिचय, चार वर्षांची गुणनोंद, समुपदेशकाचे पत्र आणि सहसा दोन शिक्षकांची पत्रे लागतात. इंग्लंडच्या सरकारी शाळेत वर्षनिहाय गुणनोंद ठेवण्याची रीतच नाही आणि समुपदेशक हे पद बहुधा कुणाला माहीत नसते. शिफारसपत्रांची तर निराळीच कथा. इंग्रज शिक्षक मोजून-मापून लिहितो. 'भरवशाचा आणि विचारी विद्यार्थी' ही त्याच्या लेखी मोठी स्तुती असते. अमेरिकी पत्रांच्या अतिशयोक्तीच्या ढिगाऱ्यात असे पत्र वाचणाऱ्याला ते नाइलाजाने लिहिले आहे असे वाटते. मी शिक्षकांना खोटी स्तुती करा असे कधीच म्हणत नाही; एखादा प्रसंग लिहा, त्या मुलाने वर्गात काय विचारले ते लिहा, एवढेच सुचवतो. (आमच्या सेवेतील गोपनीय अहवालांना विशेषणांची जी कीड लागली होती, तिची मला या वेळी हमखास आठवण होते.)

गेल्या वर्षीचा एक विद्यार्थी ध्यानात राहिला आहे. गणितात असामान्य. अमेरिकी सामायिक अर्जात अभ्यासाबाहेरील उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. त्याने ते सारे कोरे ठेवले होते. वादविवाद मंडळ नाही, खेळ नाही, संगीत नाही, मग लिहू काय, असे म्हणाला. बोलता बोलता कळले, की तो शनिवार-रविवारी मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, मालाचा हिशेब त्याने स्वतः संगणकावर आणला आहे आणि रोज संध्याकाळी आजीचे औषधपाणी पाहतो. त्याच अर्जात पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदारी यांसाठी स्पष्ट पर्याय दिलेले आहेत. त्याला ते दिसले होते; ते आपल्यासारख्यांसाठी आहेत, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. अन्यायाने भरलेल्या या पद्धतीत गरीब मुलाच्या बाजूने उघडी असलेली एक खिडकी अशी त्याच्या नजरेसमोरून निसटत होती.

लेस्टरमधील भारतीय वंशाच्या कुटुंबांत आणखी एक अडचण येते. प्रत्येक घरात अमेरिकेत एमएस केलेला एखादा काका किंवा आतेभाऊ असतो आणि तो सल्ला देतो. पण पदव्युत्तर प्रवेश तिकडे त्या त्या विषयाच्या विभागात होतो. तिथे विषयातील तयारी आणि गुण यांना प्राधान्य असते. पदवीच्या प्रवेशाचे जग निराळे. काकांचा सल्ला मनापासून दिलेला असतो आणि बहुतांशी निरुपयोगी असतो. पुण्या-मुंबईत बारावीनंतर मुलांना थेट अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांनाही हे लागू पडते.

ब्रिटनमध्ये सटन ट्रस्ट ही संस्था फुलब्राइट आयोगाच्या साथीने २०१२ पासून सरकारी शाळांतील निवडक मुलांसाठी हेच काम विनामूल्य करते आहे. तिचे काम उत्तम आहे. पण धर्मादाय संस्थेच्या एका कार्यक्रमातल्या जागा त्या किती असणार? तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठीही कोणीतरी आधी सांगावे लागते. माझ्या मते हे काम शिक्षण खात्याने अंगावर घ्यावे. आठ-दहा शाळांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, गुणनोंदीचा आणि शाळा-परिचयाचा एक प्रमाणित नमुना, आणि शुल्क-साहाय्याची खरी माहिती देणारे चार पानी पत्रक, इतक्यानेही खूप होईल. करदात्याच्या पैशाने हुशार मुलांना देशाबाहेर का धाडायचे, हा आक्षेप मी ऐकला आहे. आपल्याकडे आयआयटीच्या पदवीधरांबाबत तो पन्नास वर्षे ऐकत आलो. श्रीमंतांची मुले जाणारच आहेत. प्रश्न फक्त इतरांना दार कुठे आहे ते सांगायचे की नाही, इतकाच उरतो.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डला परदेशी विद्यार्थी घेण्यास मनाई केली आणि न्यायालयाने ती रोखली, तेव्हापासून वर्गात पहिला प्रश्न व्हिसाचा येतो. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. वेळापत्रकाचे आहे. लवकर अर्ज करण्याची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते. हार्वर्ड, एमआयटी, डार्टमथ यांनी महासाथीच्या काळात ऐच्छिक केलेली चाचणी पुन्हा सक्तीची केली आहे, त्यामुळे त्याआधी ती द्यावी लागते आणि तिच्यासाठी केंद्र शोधावे लागते. ते अनेकदा दुसऱ्या शहरात असते. म्हणून या शाळेतील माझे पहिले व्याख्यान आता शेवटच्या वर्षातून काढून त्याच्या आधीच्या वर्षाच्या जानेवारीत ठेवावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे.