नाताळाआधी ज्याचे त्याला पोहोचवा



आगमनकाळ सुरू झाला आहे. घरोघरी झाडझूड, रंगरंगोटी निघाली असेल. माळा आवरताना, पलंगाखालचे सामान ओढताना दुसऱ्यांच्या वस्तू हाती लागतील. शेजारच्या काकूंचे नाव कोरलेले पातेले, कुणाची शिडी, गेल्या पावसाळ्यात आणलेली छत्री, संडेस्कूलची ढोलकी, मंडळीच्या सतरंज्या. कळकळीची विनंती आहे, त्या पुन्हा कोपऱ्यात सरकवू नका. 25 डिसेंबरच्या आत ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी आवाहन कशाला, असे कुणी म्हणेल. पण उसने मागताना आपल्याला जेवढा संकोच वाटत नाही, तेवढा ते परत मागताना देणाऱ्याला वाटतो. "मंडळीतलेच आहेत, कसं मागायचं?" म्हणून तो गप्प राहतो आणि त्याच्या गप्प राहण्यालाच आपण परवानगी समजतो. देणारी विधवा असेल, देणारा रोजंदारीवरचा असेल, तर दुसरी वस्तू घ्यायला त्यांच्याकडे पैसेही नसतात. उपासनेला ती माणसे आपल्या शेजारीच बसतात आणि मनाने मात्र दूर जात राहतात.

"चोरी करू नको" ही आज्ञा कॅथलिक सातवी मोजतात, बहुतेक प्रॉटेस्टंट आठवी. पाठ मात्र सगळ्यांनाच असते, आणि ती कुलूप फोडणाऱ्यासाठी आहे असे मानून आपण मोकळे होतो. निर्गमाचा 22 वा अध्याय उघडून वाचा. उसने आणलेले जनावर मालकाच्या पाठीमागे जखमी झाले किंवा मेले, तर भरपाई द्यायची असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात हरवलेले जनावर, वस्त्र, काहीही सापडले तरी डोळेझाक करायची नाही. मालक येईपर्यंत ते सांभाळायचे आणि त्याला द्यायचे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात लाकूड तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते यार्देनेत पडते. तो कळवळून ओरडतो, कारण कुऱ्हाड उसनी आणलेली असते. अलीशा ते पाते पाण्यावर तरंगवतो. देवाच्या माणसाने एका उसन्या कुऱ्हाडीसाठी चमत्कार केला, याचा आपण कधी नीट विचार केला आहे का?

आणि स्वतः प्रभू! यरुशलेमेत प्रवेश करायला शिंगरू मागवले, तेही लगेच परत पाठवले जाईल या निरोपासह. मार्काने हा तपशील नोंदवून ठेवला आहे. ज्याचे सगळे आहे, त्यानेही दुसऱ्याच्या शिंगरावर हक्क सांगितला नाही.

"आपण ख्रिस्तात एक कुटुंब, मग तुझं-माझं कसलं?" हे वाक्य मी फार ऐकले आहे, आणि जवळजवळ नेहमी घेणाऱ्याच्या तोंडून. पहिल्या मंडळीत सगळे समाईक होते, हे खरे. पण तिथे ज्याचे होते त्याने ते आपणहून आणून दिले होते. जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, हे पेत्राने हनन्याला बजावले. त्याचा अपराध खोटे बोलण्याचा होता.

शेती असणाऱ्यांना वेगळे सांगतो, कारण हे दुखणे जुने आहे. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरणे ही चोरीच आहे. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्यावर अनुवादाच्या 27 व्या अध्यायात शाप उच्चारला आहे आणि सगळ्या लोकांनी त्यावर आमेन म्हणायचे आहे. नाबोथाने वडिलोपार्जित द्राक्षमळा अहाब राजालाही नाकारला. राजाची इच्छा हा काही मळ्यावरचा हक्क नव्हता. सरकारी मोजणीची वाट पाहू नका. बांध कोरला असेल तर या आठवड्यात शेजाऱ्याला सोबत घेऊन तो पूर्ववत करा.

तरुणांनो, दुसऱ्याचा मोबाईल न विचारता उघडणे, त्यातले फोटो स्वतःकडे घेणे हेही यातच येते. ते घेतले असतील तर पुसून टाका आणि त्या व्यक्तीला तसे सांगा.

वस्तू परत करताना मुलाच्या हाती पाठवून देऊ नका, स्वतः जा. उशीर झाला, क्षमा करा, एवढे तरी म्हणा. मोडली असेल तर नवी द्या किंवा पैसे द्या. लेवीयाच्या 6 व्या अध्यायात तर पाचवा हिस्सा वर घालून परत करायला सांगितले आहे, आणि जक्कयाने चौपट देण्याची तयारी दाखवली. मालक वारला असेल तर त्याच्या मुलाबाळांना द्या. एकदम सगळे पैसे जमत नसतील तर तसे सांगा आणि हप्ता ठरवा. ज्यांची वस्तू अडकली आहे त्यांनाही विनंती: संकोच सोडून मागा, त्यात कोणताही कमीपणा नाही.

भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले. म्हणून नाताळच्या प्रभुभोजनाआधी हे उरका. आपापल्या मंडळीच्या खुर्च्या, सतरंज्या, भांडी आणि वाद्ये पुढच्या शनिवारच्या संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोहोचवा. वाहन नसेल किंवा वयामुळे जमत नसेल, तर तरुण संघाच्या मुलांना निरोप द्या, ती घरी येऊन सामान घेऊन जातील.