मृत्युलेख पुरे झाले

मुंबईतले एखादे इराण्याचे हॉटेल बंद पडले की वृत्तपत्रांतून हुंदक्यांचा ठरलेला कार्यक्रम पार पडतो. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का, ‘पानीकम’ चहा, अशी यादी श्राद्धाच्या सामानासारखी वाचून दाखविली जाते. आणि यादी करणारे गृहस्थ संध्याकाळी कॉफी घ्यावयास वातानुकूलित दुकानात जातात. या शोकाचा मला मनापासून वीट आला आहे.

धोबीतलावचे बस्तानी 2004 साली मिटले. कयानी 1904 चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 चे. अशी नावे आता बोटांवर मोजावी लागतात. 2012 साली हॉर्निमन सर्कलजवळ टाटांच्या भागीदारीत स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान निघाले. यात कोणी गुन्हा केला असे माझे म्हणणे नाही. पण गेले काय, हे तरी नीट समजून घ्या.

इराणी चहा विकत असे, आणि चहाच्या भावात खुर्ची देत असे. बेकारीची दोन वर्षे मी अशाच एका खुर्चीवर काढली. नोकरीचे अर्ज तेथेच लिहिले. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने मला कधी ऊठ म्हटले नाही. तो काही दानशूर नव्हता. दुपारची खुर्ची रिकामीच असे आणि जागेचे भाडे त्याला परवडत होते, एवढेच. सारे मर्म येथेच आहे.

ते भाडे 1947 च्या कायद्याने बांधलेले होते. माझा चहा घरमालकाच्या जिवावर स्वस्त होता, हा आक्षेप मला मान्य आहे. भाड्यात भागेना म्हणून मालकांनी दुरुस्त्या सोडल्या आणि इमारती खचल्या. इमारत पाडून नवी बांधली की जुन्या भाडेकरूला जागा परत मिळते खरी. पण मधल्या काळात वर्षे जातात, आणि भट्टीला एवढा उपास सोसत नाही. गिऱ्हाईक पांगते, नोकर गावी जातात, मालकाचा मुलगा दुसऱ्या धंद्यात शिरतो. मग बाजारभावाचे भाडे झेपणारा साखळीवाला तेवढा उरतो.

‘हा बाजाराचा न्याय!’ असे आमचे अर्थशास्त्री मित्र म्हणतात. बाजाराची चौकट कोणी आखली? 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. म्हणजे लहान कोण आणि मोठा कोण, हे कायद्याला दिसते. मग पुनर्विकासाच्या वेळीच त्याची दृष्टी का जाते? इमारत पडेल तेव्हा अशा हॉटेलवाल्याला त्याच वस्तीत तात्पुरती जागा आणि नव्या इमारतीत रस्त्यालगतचीच जागा द्यावी, अशी अट घाला. बिल्डरला जादा चटईक्षेत्र सरकार देते ते आपल्याच शहरातून. त्याच्या बदल्यात एवढे मागणे म्हणजे भीक नव्हे.

वारसा म्हणून दर्शनी भिंत जपाल. तिच्या आत चहाचा भाव कोणता असेल? साखळीतल्या कॉफीशी माझे भांडण नाही. ज्याच्या खिशात एका चहापुरतेच पैसे आहेत त्याने या शहरात कोठे बसावे, एवढेच सांगा. सांगता येत नसेल, तर निदान मृत्युलेख तरी लिहू नका.