हिरवे झाले म्हणजे जंगल झाले का?

मागच्या सुट्टीत आम्ही चंद्रपूरला आजोळी गेलो होतो. दुर्गापूरच्या बाजूला एक मोठा हिरवा डोंगर दिसला. मी म्हटले, "मामा, किती छान डोंगर!" मामा हसला. "अगं, डोंगर कुठला! खाणीतून काढलेली माती आहे ती."

उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड खणून बाजूला टाकतात. सुपीक माती वेगळी राखली नाही तर ती खाली गाडली जाते आणि दगड वर येतात. त्यावर उगवते काय, तर वेडी बाभूळ. आपल्या चँडलरमध्ये जागोजागी मेस्किट आहे ना, तिची ही चुलत बहीण. मेस्किट इथली घरची आहे, कायोटी तिच्या शेंगा खातात. तिकडे मात्र तिची बहीण पाहुणी म्हणून आली आणि घरच बळकावून बसली. तिच्या जाळीत हरणाला चरायला गवत नाही, पण वाघाला लपायला जागा आहे. ताडोबा जवळच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारले आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला. अंधार पडला की मामी आम्हाला अंगणातसुद्धा जाऊ देत नसे.

कोणी म्हणेल, हे तिकडचे, आपला काय संबंध? आपल्या ॲरिझोनातच, नावाहो आणि होपी लोकांच्या जमिनीवर, ब्लॅक मेसाला कायेंटा खाण होती. तिचा कोळसा रेल्वेने पेजजवळच्या वीज केंद्रात जाई. कोलोरॅडो नदीचे पाणी फिनिक्सकडे चढवणारे पंप त्याच विजेवर चालत. २०१९ साली दोन्ही बंद झाले. म्हणजे आपण अनेक वर्षे त्या खड्ड्याचे पाणी प्यायलो, असेच म्हणा ना!

अमेरिकेत १९७७ चा कायदा आहे. सुपीक माती वेगळी ठेवायची, खड्डा बुजवायचा, आणि हे होईल याची हमी म्हणून कंपनीने आधीच पैसे अडकवायचे. भारतातही २००९ पासून खाण बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. हे मला फार आवडले. (आई म्हणते, खेळणी काढण्याआधीच ती आवरायची हमी तुझ्याकडूनही घ्यायला हवी होती!)

पण माझी तक्रार मुदतीबद्दल आहे. कोरड्या प्रदेशात लागवडीनंतर कंपनीची जबाबदारी किमान दहा वर्षांची. दहा वर्षांत गवत छान येते आणि मेंढ्यांना ते लागतेच. पण ब्लॅक मेसावर पिन्यॉन आणि जुनिपरची झाडी होती. पिन्यॉनला बिया धरायलाच पंचवीस वर्षे किंवा जास्त लागतात, आणि पिन्यॉन जे नावाचा निळा पक्षी मुख्यतः त्या बियांवर जगतो. त्याने दहा वर्षांनी येऊन काय खायचे?

म्हणून मला वाटते, पैसे परत देताना नुसते हिरवे किती झाले ते मोजू नये. कोण राहायला आले तेही पाहावे. आणि चंद्रपूरला वस्तीजवळची वेडी बाभूळ काढून टाकावी. ताडोबाच्या बाजूला मात्र बांबू आणि गवत लावावे, म्हणजे चितळ तिकडे येतील आणि वाघही तिकडेच राहील. वेळ लागेल, पैसेही लागतील. कोळसा काढताना ते होतेच की.

त्या ढिगाऱ्यावर बाभळीशिवाय आणखी काय काय उगवले आहे, ते मी मामाला विचारले आहे. त्याचे उत्तर आले की पुढच्या अंकात देईन.